शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र : जर्मनीत शिकताना शेजारची शहरे कशी पाहावीत

जर्मनीला नऊ देशांच्या सीमा लागून आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्या-मुंबईहून येथे आलेल्या विद्यार्थ्याला, पहिले सत्र सुरू होऊन खोली, बँक खाते आणि नावनोंदणी यांचा गोंधळ शमला, की या नकाशाची ओढ लागते. पॅरिस, प्राग, ॲमस्टरडॅम, बार्सिलोना, रोम अशी यादी तयार होते आणि ती बहुतेक वेळा विमानाच्या स्वस्त तिकिटांच्या जाहिराती पाहून केलेली असते. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी शहर निवडण्याचा हा मार्ग माझ्या मते चुकीचा आहे. अशा सहलीत सर्वांत दुर्मीळ असतात ते तास, आणि म्हणून सीमेच्या अगदी पलीकडची, रेल्वेने दोन-चार तासांत गाठता येणारी शहरे या दोन दिवसांना सर्वाधिक न्याय देतात. लांबची शहरे हिवाळी सत्र संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा उन्हाळ्यात तासिका नसलेल्या काळासाठी राखून ठेवावीत. पुढील मार्गदर्शन याच भूमिकेतून आणि जर्मनीत राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला समोर ठेवून केले आहे.

आधी कागदपत्रे

जर्मनीचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे पासपोर्टवरील ‘डी’ प्रकारचा व्हिसा, किंवा नंतर मिळणारे रेसिडेन्स परमिटचे कार्ड यांपैकी काहीही वैध असेल आणि सोबत वैध पासपोर्ट असेल, तर शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसातील सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांपर्यंत पर्यटनासाठी जाता येते. शनिवार-रविवारच्या सहलींनी ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता जवळजवळ नसते. गोंधळ होतो तो शेंगेन क्षेत्र आणि युरोपीय संघ एकच समजल्यामुळे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे तेथे जाता येते. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत, आणि ब्रिटन तर दोन्हींच्या बाहेर आहे. लंडन किंवा डब्लिनसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो, त्यामुळे ही शहरे अचानक ठरवलेल्या सहलीच्या यादीतून सरळ काढून टाकावीत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, तर रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले आहेत. जुन्या माहितीवर विसंबलेले मित्र या तीन देशांबद्दल हमखास चुकीचे सांगतात.

खरी अडचण व्हिसा संपून परमिटचे कार्ड हातात येईपर्यंतच्या मधल्या काळात येते. परकीय नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, अर्ज दिल्यावर तेथून ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळू शकते. जर्मनीतील वास्तव्य त्यामुळे कायदेशीर राहते; मात्र त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येईल की नाही, हे प्रमाणपत्राच्या प्रकारावर अवलंबून असते. म्हणून केवळ हे प्रमाणपत्र हाती असताना, त्याच कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय सीमा ओलांडू नये. तो काळ ड्रेस्डेन, बांबर्ग, ल्युबेक, हायडेलबर्ग अशी देशातलीच शहरे पाहण्यासाठी वापरावा. तीही काही कमी नाहीत.

शेंगेन क्षेत्रात सीमा उघड्या असतात हे तत्त्वतः खरे आहे. प्रत्यक्षात जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली. बसमध्ये किंवा रेल्वेच्या डब्यात पोलीस येतात, कागदपत्रे मागतात, आणि मोबाइलमधील छायाचित्र त्यांना चालत नाही. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड, दोन्ही जवळ हवीत. विद्यापीठाचे ओळखपत्र हे प्रवासाचे कागदपत्र नव्हे, पण संग्रहालयांतील प्रवेश-सवलतींसाठी ते न्यावेच.

आपल्याकडील पासपोर्टांवर अनेकदा ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नावही असते. विमानाचे तिकीट काढताना त्या रकान्यात जे छापले आहे ते सर्व तसेच्या तसे भरावे. रेल्वेची ऑनलाइन तिकिटेही बहुधा नावावर असतात आणि तिकीट तपासनीस ओळखपत्र मागू शकतो.

अंतर तासांत मोजावे

शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता प्रयोगशाळेतून सुटका झाली आणि रविवारी रात्री ११ पर्यंत खोलीवर परतायचे असेल, तर हाताशी ५४ तास असतात. दोन रात्रींच्या झोपेचे १६ तास वजा केले की ३८ उरतात. आता कोलोनहून बार्सिलोनाला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब पाहू. उड्डाण दोन-सव्वादोन तासांचे असते, परंतु खोलीपासून विमानतळ एक तास, उड्डाणापूर्वीची हजेरी दीड-दोन तास, उतरल्यावर शहरात पोहोचणे एक तास, असे धरले की एका बाजूचे सहा-साडेसहा तास होतात. जाऊन-येऊन १३ तास प्रवासात गेले आणि शहरासाठी उरले २५. ड्रेस्डेनचा विद्यार्थी प्रागला जातो तेव्हा दारापासून दारापर्यंत एका बाजूचे फार तर तीन तास लागतात, कारण गाडी एका शहराच्या मध्यातून निघते आणि दुसऱ्याच्या मध्यात थांबते. त्याच्याकडे ३२ तास उरतात, आणि तो थकलेलाही नसतो.

म्हणून एक ढोबळ नियम पाळावा: दारापासून दारापर्यंत एका बाजूला चार-साडेचार तासांपेक्षा अधिक वेळ लागत असेल, तर ते शहर या दोन दिवसांसाठी नाही. म्युनिकहून साल्झबर्ग, इन्सब्रुक आणि व्हिएन्ना या नियमात बसतात. आखेनहून ब्रसेल्स, लिएज आणि मास्त्रिख्त अगदी जवळ आहेत. कोलोनहून ॲमस्टरडॅम आणि पॅरिस, फ्रायबर्गहून बासेल आणि स्ट्रासबुर्ग, हँबर्गहून नियम थोडा ताणून कोपनहेगन. प्रत्येक विद्यापीठ-शहराला असा स्वतःचा परीघ असतो, आणि तो आधी वहीत मांडून ठेवणे हे वर्षभर उपयोगी पडणारे काम आहे.

तासांबरोबर उजेडही मोजावा लागतो. डिसेंबरमध्ये बर्लिनला दुपारी चारच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे डोंगर, बागा, नदीकाठ असलेली शहरे उन्हाळी सत्रात आणि संग्रहालयांची शहरे हिवाळ्यात पाहणे शहाणपणाचे ठरते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळपर्यंत भरणारे बाजार हा हिवाळ्यातील अपवाद. ते अंधारातच खुलतात, मात्र त्या दिवसांत स्ट्रासबुर्गसारख्या शहरातील मुक्कामाचे दर दचकवणारे असतात. आणखी एक बारीकशी बाब: घड्याळे पुढे-मागे करण्याचा दिवस मार्च आणि ऑक्टोबरमधील शेवटचा रविवार हाच असतो. मार्चमधील त्या रात्री दोननंतर एकदम तीन वाजतात आणि सहलीतला एक तास नाहीसा होतो.

एका शनिवार-रविवारात एकच शहर करावे. ब्रसेल्स, ब्रुझ आणि गेंट दोन दिवसांत उरकणाऱ्यांकडे छायाचित्रे पुष्कळ असतात. पण कोणता चौक कोणत्या गावातला हे त्यांना पुढच्याच आठवड्यात सांगता येत नाही.

सीमेपर्यंत डॉइचलँड तिकीट

मे २०२३ मध्ये दरमहा ४९ युरोंना सुरू झालेले डॉइचलँड तिकीट जानेवारी २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ मध्ये ६३ युरोंवर गेले. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना हेच तिकीट सुमारे साठ टक्के किमतीत, सत्रशुल्काचा भाग म्हणून मिळते. म्हणजे ते तुम्ही आधीच विकत घेतलेले असते. या तिकिटावर देशभरातील प्रादेशिक गाड्या, एस-बान म्हणजे उपनगरी रेल्वे, भुयारी रेल्वे, ट्राम आणि शहर बस चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि फ्लिक्सट्रेनमध्ये ते चालत नाही. स्थानकावरील फलकावर गाडीच्या नावात ‘आरई’ किंवा ‘आरबी’ ही प्रादेशिक गाडीची खूण आहे ना, हे पाहूनच चढावे. दंड ६० युरोंपासून सुरू होतो आणि ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर ऐकून घेण्याची येथे पद्धत नाही.

सीमा जिथे एखाद्या मोठ्या शहराला अगदी खेटून आहे, तिथे हे तिकीट सोन्याचे ठरते. म्युनिकहून प्रादेशिक गाडीने दोन तासांच्या आत साल्झबर्गला जाता येते, आणि साल्झबर्ग ऑस्ट्रियात असूनही तेथील मुख्य स्थानकापर्यंत डॉइचलँड तिकीट ग्राह्य धरले जाते. ज्यांच्याकडे ते नाही अशा चार-पाच जणांनी मिळून बायर्न, म्हणजे बव्हेरिया राज्याचे, एका दिवसाचे तिकीट काढावे. तेही साल्झबर्गपर्यंत चालते, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच, आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून.

ट्रियर हे रोमन अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेले जर्मन शहर लक्झेंबर्गच्या सीमेजवळ आहे. ट्रियरहून गाडीने तासाभरात लक्झेंबर्ग शहरात पोहोचता येते. सीमेपर्यंत डॉइचलँड तिकीट चालते, आणि पुढे लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून दुसऱ्या वर्गाची रेल्वे, ट्राम आणि बस सर्वांसाठी मोफत आहे. म्हणजे शनिवारी ट्रियरचे पोर्टा निग्रा हे रोमन प्रवेशद्वार पाहावे, तेथेच स्वस्तात राहावे, आणि रविवारी लक्झेंबर्गमधील दरीवरचे पूल व तटबंदी पाहून परतावे. दुसऱ्या देशात राहण्याचा खर्च शून्य.

मला स्वतःला यापेक्षाही स्ट्रासबुर्गची वाट अधिक आवडते. ऱ्हाइन नदीच्या जर्मन काठावर केल नावाचे गाव आहे, तेथपर्यंत ओफेनबुर्गमार्गे प्रादेशिक गाडी येते. केलहून स्ट्रासबुर्गची ‘डी’ क्रमांकाची ट्राम २०१७ पासून नदीवरील पूल ओलांडून थेट शहराच्या मध्यभागी जाते. ट्रामचे वेगळे तिकीट काढून ते फलाटावरील यंत्रात नोंदवावे लागते, पण ते दोन-तीन युरोंचे काम आहे. हद्द ओलांडली हे समजते ते केवळ दुकानांच्या पाट्यांवरून. १४२ मीटर उंचीचे स्ट्रासबुर्गचे कॅथेड्रल १८७४ पर्यंत दोन शतकांहून अधिक काळ जगातील सर्वांत उंच इमारत होते, आणि इतक्या गोष्टी इतक्या कमी खर्चात पाहायला मिळणे ही विद्यार्थिदशेतील चैनच म्हटली पाहिजे.

लांब पल्ल्याची गाडी आणि तिचे नियम

जिथे प्रादेशिक गाड्यांनी फार वेळ लागतो तिथे आयसीई किंवा ईसीचे तिकीट घ्यावे. जर्मन रेल्वेची ‘झुपर श्पारप्राइस’ ही सर्वांत स्वस्त तिकिटे मर्यादित असतात आणि तारीख जवळ येईल तशी ती संपत जातात, म्हणून सहा-आठ आठवडे आधी पाहावे. ही तिकिटे रद्द करून पैसे परत मिळत नाहीत, आणि ती एका ठरावीक गाडीशी बांधलेली असतात. मात्र गाडी उशिरा धावत असल्यामुळे किंवा जोडगाडी चुकण्याच्या शक्यतेमुळे ठिकाणावर २० मिनिटे किंवा अधिक उशिरा पोहोचणार असे दिसत असेल, तर हे बंधन गळून पडते आणि पुढील दुसरी गाडी घेता येते. उशिराची सूचना दाखवणारा मोबाइलचा पडदा (स्क्रीनशॉट) जतन करून ठेवावा. तपासनीसाशी बोलताना तो कामी येतो. वर्षभर फिरण्याचा बेत असेल तर २७ वर्षांखालील व्यक्तींसाठीचे ‘माय बानकार्ड २५’ घ्यावे, स्वस्त तिकिटांवरही त्याची २५ टक्के सवलत लागू होते. हे कार्ड आपोआप नूतनीकृत होते, त्यामुळे ते घेतानाच रद्द करण्याची तारीख दिनदर्शिकेत नोंदवावी.

सीमेपलीकडे जाताना दोन्ही देशांच्या रेल्वेच्या संकेतस्थळांवर तीच गाडी शोधून पाहावी. प्रागच्या गाड्यांचे तिकीट चेक रेल्वेकडे आणि व्हिएन्नाचे ऑस्ट्रियन रेल्वेकडे पुष्कळदा जर्मन रेल्वेपेक्षा स्वस्त मिळते. गाडी तीच, आसनही तेच.

युरोपभर रेल्वेने फिरण्यासाठी असलेल्या इंटररेलच्या पासविषयी भारतीय विद्यार्थ्यांत गैरसमज आहे. युरोपात कायदेशीर वास्तव्य असलेल्या कोणालाही, नागरिकत्व कोणतेही असो, इंटररेल घेता येतो. युरेल हा बाहेरून येणाऱ्या पर्यटकांसाठी असतो. तरीही दोन दिवसांच्या सहलीसाठी हा पास परवडत नाही. वास्तव्याच्या देशात त्यावर केवळ बाहेर पडण्याचा एक आणि परतण्याचा एक असे दोनच प्रवास-दिवस मिळतात. तो महिनाभराच्या सुट्टीचा सोबती आहे. रात्रीच्या बसबद्दल एवढेच सांगतो की तिकीट स्वस्त असते आणि त्याची किंमत शनिवारची दुपार देऊन चुकवावी लागते.

स्वस्त विमानाचा खरा खर्च

वीस युरोंचे तिकीट दिसले की आधी विमानतळाचे नाव वाचावे. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. म्हणजे पुण्याहून निघून लोणावळा-खोपोली मागे टाकत पनवेल गाठावे, इतका. पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून ऐंशीहून अधिक, ब्रसेल्स-शार्लरुआ ब्रसेल्सपासून पन्नासहून अधिक आणि मिलान-बेर्गामो मिलानपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. अशा विमानतळांहून शहरात नेणाऱ्या बसचे जाऊन-येऊन भाडे अनेकदा विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त भरते. पाठीवरच्या छोट्या बॅगेपलीकडचे सामान नेले तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते विमानतळावर भरले तर दुप्पट-तिप्पट.

युरोपीय संघाबाहेरील पासपोर्ट असणाऱ्यांसाठी आणखी एक टप्पा असतो. काही स्वस्त कंपन्या सुरक्षा तपासणीपूर्वी आपल्या काउंटरवर पासपोर्ट आणि परमिट तपासून घेण्याची अट घालतात. ऑनलाइन चेक-इन झाले आहे म्हणून सरळ दाराशी गेलेल्या विद्यार्थ्याला तेथून परत पाठवले जाऊ शकते. बुकिंगनंतर आलेला ईमेल शेवटपर्यंत वाचावा आणि या कामासाठी अर्धा तास जास्तीचा धरावा.

वार पाहून आखणी : प्रागचा नमुना

सहलीचा आराखडा प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून न करता वारावरून करावा, हे प्रागच्या उदाहरणाने नीट कळते. ज्यूंचे संग्रहालय, म्हणजे जुन्या वस्तीतील सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) आणि प्राचीन दफनभूमी, शनिवारी साबाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, बंद असते. किल्ल्यातील सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी राखीव असते आणि पर्यटकांना दुपारी बारानंतर उघडते. हे दोन नियम ठाऊक नसले तर दोन्ही ठिकाणी बंद दार पाहून परतण्याची वेळ येऊ शकते. ठाऊक असले तर सहल आपोआप आखली जाते. शनिवारी किल्ला, रविवारी ज्यू वस्ती.

शुक्रवारी संध्याकाळी ड्रेस्डेनहून निघताना गाडीत डाव्या बाजूची खिडकी घ्यावी. एल्ब नदी आणि वाळूच्या खडकांचे सुळके त्याच बाजूला आहेत, आणि उन्हाळ्यात तेव्हा अजून उजेड असतो. शनिवारी सकाळी सातला चार्ल्स पुलावर असावे. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला हा पूल दहानंतर माणसांनी इतका भरतो की त्यावरील पुतळे दिसेनासे होतात. तेथून २२ क्रमांकाच्या ट्रामने किल्ल्यापर्यंत वर जावे. किल्ल्याचे आवार मोफत आहे, तिकीट आतील इमारतींसाठी लागते आणि ते दोन दिवस चालते, त्यामुळे सर्व काही एका दमात पाहण्याची घाई नको. दुपारी पायऱ्यांनी खाली मालास्त्राना भागात उतरावे, आणि संध्याकाळी लेत्ना बागेतून नदीवरील पूल एकामागे एक पाहावेत. रविवारी सकाळी नऊला ज्यू वस्ती, आणि दुपारी व्हिशेहराड. या टेकडीवर गर्दी कमी असते, आणि तेथील दफनभूमीत स्मेताना आणि द्वोर्झाक या संगीतकारांच्या समाध्या आहेत.

ट्रामचे छापील तिकीट चढल्याबरोबर पिवळ्या यंत्रात टोचून घ्यावे. न टोचलेले तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास.

प्रत्येक शहराची अशी वारांची गणिते असतात. पॅरिसचे लुव्र मंगळवारी आणि ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणजे शनिवार-रविवारी ती दोन्ही उघडी असतात, पण गर्दीही तेव्हाच सर्वाधिक असते. येथे परमिटचे कार्ड पैसे वाचवते: १८ ते २५ वयोगटातील जे युरोपीय देशांत राहतात त्यांना या दोन्ही संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, आणि ही सवलत वास्तव्यावर अवलंबून असल्यामुळे भारतीय पासपोर्ट असूनही ती मिळते. लुव्रसाठी मोफत प्रवेशाचीही वेळ आधी आरक्षित करावी. इटलीत मात्र सरकारी संग्रहालयांतील तरुणांची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती आहे; तेथे महिन्याचा पहिला रविवार गाठावा, त्या दिवशी ती सर्वांना मोफत असतात. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात; अपवाद महिन्यातील शेवटच्या रविवारचा, तेव्हा प्रवेश मोफत आणि रांग अफाट. ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. ते तिकीट मिळाल्यावरच त्या शहराची तारीख ठरवावी, उलट क्रमाने जाऊ नये.

मुक्काम आणि पैसा

जर्मनीतील विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार दरमहा ९९२ युरो मिळतात. खोलीचे भाडे आणि विमा वजा जाता महिन्याकाठी एका सहलीला शंभर ते दीडशे युरोंहून अधिक खर्चू नये असे माझे मत आहे. यातला सर्वांत मोठा वाटा मुक्कामाचा असतो. होस्टेलमधील सहा-आठ खाटांच्या खोलीचे दर शुक्रवार-शनिवारी चढतात, म्हणून गाडीच्या तिकिटाआधी मुक्कामाचा दर पाहावा. मोफत रद्द करता येणारे बुकिंग लवकर करून ठेवावे. स्वतःचे छोटे कुलूप आणि पंचा न्यावा, कारण दोन्ही तेथे भाड्याने घ्यावी लागतात. मुख्य स्थानकापासून चालत पंधरा-वीस मिनिटांच्या आत असलेली जागा थोडी महाग असली तरी शेवटी स्वस्त पडते. शहराचा मुक्काम-कर अनेक ठिकाणी दारात वेगळा भरावा लागतो. रविवारी खोली सोडल्यावर सामान बहुतेक होस्टेले संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात.

चेक प्रजासत्ताक, पोलंड, हंगेरी, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड येथे युरो हे चलन नाही. कार्ड यंत्र किंवा एटीएम ‘युरोमध्ये रूपांतर करू का’ असे विचारते तेव्हा नकार देऊन स्थानिक चलन निवडावे, अन्यथा यंत्रमालकाच्या दराने पैसे कापले जातात. प्रागमधील ‘शून्य टक्के कमिशन’ अशा पाट्यांखाली चालणारी चलन-दुकाने टाळावीत. नफा कमिशनमध्ये नसून दरात दडलेला असतो. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी खिशात हवीतच.

खाणे

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकाने बंद असतात, मोठ्या स्थानकांतील दुकाने तेवढी उघडी मिळतात. शनिवारी संध्याकाळीच पाव, चीज, फळे घेऊन ठेवावीत. दोन दिवस टिकणारी तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी चटणी अशी शिदोरी रेल्वेच्या प्रवासात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची. शाकाहारी व्यक्तीला फलाफल जवळजवळ प्रत्येक शहरात मिळते, प्रागमध्ये तळलेले चीज असते, आणि इटलीत प्रश्नच नसतो. फसगत होते ती बेल्जियममध्ये. तेथील प्रसिद्ध बटाट्याचे तळलेले काप पारंपरिकरीत्या गोमांसाच्या चरबीत तळतात. दुकानदाराला विचारले तर तो सरळ उत्तर देतो, आणि वनस्पती तेल वापरणारी दुकानेही आहेत, पण विचारावे लागते. पिण्यासाठी नळाचे पाणी चालते. बाटली सोबत ठेवावी.

आजारपण, फोन आणि हरवलेली वस्तू

जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेले असते, आणि युरोपीय संघातील इतर देशांत अचानक आजारी पडल्यास आवश्यक उपचार त्यावर मिळतात. एक अट मात्र फार थोड्यांना माहीत असते: युरोपीय संघाबाहेरील देशांच्या नागरिकांना हे कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंड येथे उपचारांसाठी वापरता येत नाही. भारतीय विद्यार्थ्याने झुरिक किंवा कोपनहेगनला निघताना थोड्या दिवसांचा प्रवासी विमा वेगळा घ्यावा. खाजगी विमा असणाऱ्यांनी आपल्या करारातील परदेशाविषयीचा भाग वाचावा. तातडीचा क्रमांक सगळीकडे ११२.

फोनचे रोमिंग २०१७ पासून युरोपीय संघात घरच्याच दराने चालते. स्वित्झर्लंड त्यात येत नाही, त्यामुळे बासेलजवळ फोनने आपोआप स्विस जाळे पकडले तरी बिल वाढू शकते. सीमाभागात मोबाइल डेटा बंद ठेवावा.

पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनातील ला रांब्ला, रोमच्या तेर्मिनी स्थानकाचा परिसर आणि प्रागची तीच २२ क्रमांकाची ट्राम या पाकीटमारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जागा आहेत. पासपोर्ट आणि परमिट आतल्या खिशात, एकमेकांपासून वेगळे ठेवावे. दोन्हींच्या प्रती ईमेलमध्ये असाव्यात. पासपोर्ट हरवला तर प्रथम स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि त्या देशातील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. जर्मनीत परतल्यावर बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफुर्ट, म्युनिक, हँबर्ग येथील वाणिज्य दूतावास यांपैकी जो आपल्या राज्यासाठी नेमलेला असेल तेथे नव्या पासपोर्टचा अर्ज करावा. परमिट हरवले असेल तर ते दिलेल्या जर्मन कार्यालयाला कळवावे.

परतीचा रविवार

रविवारी संध्याकाळच्या गाड्या सर्वांत भरलेल्या असतात, म्हणून परतीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत आसन आरक्षित करणे काही युरोंच्या मोलाचे आहे. शेवटच्या गाडीवर कधीही विसंबू नये. तिच्या आधीची गाडी धरावी, म्हणजे एखादी जोडगाडी चुकली तरी मागे आणखी एक पर्याय राहतो. जोडगाड्यांमध्ये आठ मिनिटांचे अंतर कागदावर पुरेसे दिसते, जर्मनीत ते पुरत नाही. निदान अर्धा तास असू द्यावा.

गाडी ठिकाणावर एक तास उशिरा पोहोचली तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तास उशिरा पोहोचली तर ५० टक्के रक्कम परत मागता येते. हा अर्ज जर्मन रेल्वेच्या ॲपवरून तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. मित्रांबरोबर केलेल्या खर्चाचा हिशेब गाडीतच मिटवावा, आणि घरी पोहोचल्यावर हा अर्ज भरूनच झोपावे, कारण सोमवारी सकाळी आठचा तास सुरू झाला की तो पुन्हा आठवत नाही.